मजकूर त्यांचा, नोटीस तुम्हाला: वापरकर्त्यांच्या लिखाणाची कायदेशीर जबाबदारी कशी सांभाळावी

तुमच्या वेबसाइटवर बाहेरच्या कुणालाही काही लिहिता किंवा चढवता येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. परीक्षणं असोत, प्रश्नोत्तरं असोत, जुन्या वस्तूंच्या जाहिराती असोत की फोटो आणि व्हिडिओ. साइट मोठी असायची गरज नाही. छोट्या साइटवरचं एक वाक्यही कुणाच्या तरी अब्रूवर जातं आणि वकिलाचं पत्र निघतं. ते लिहिणाऱ्याला जात नाही, कारण लिहिणारा 'खरा_माणूस_७७' असतो. पत्ता छापलेला असतो तो तुमचा.

नवखी माणसं यावर दोन टोकांना जातात. काही म्हणतात, मी लिहिलंच नाही तर माझा काय संबंध? काहींना वाटतं, साइट माझी म्हणजे फासही माझाच. दोघंही चुकतात. बहुतेक देशांतला कायदा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी उभा आहे. तुमच्या साइटवर रोज काय काय पडतं हे तुम्हाला आधीपासून माहीत असावं, अशी त्याची अपेक्षा नाही. मजकूर घडवण्यात तुमचा हात होता का, तो बेकायदा असल्याचं तुम्हाला केव्हा कळलं आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत, हे तो विचारतो. तुमचं उत्तर कागदावर दाखवता आलं पाहिजे. नुसतं 'आम्ही लगेच काढलं होतं साहेब' म्हणून भागत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण भीती तिथूनच आली आहे

१९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयासमोर कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेचा खटला आला. तिच्यावर दुसऱ्याने तयार केलेलं एक वार्तापत्र होतं आणि त्यात बदनामीकारक मजकूर होता. न्यायालय म्हणालं, ही कंपनी पुस्तकविक्रेत्यासारखी आहे. दुकानातल्या प्रत्येक पुस्तकात काय लिहिलंय हे विक्रेत्याला माहीत नसतं. कॉम्प्युसर्व्ह सुटली. १९९५ मध्ये त्याच राज्यातल्या दुसऱ्या न्यायालयात प्रॉडिजी ही सेवा अडकली. स्ट्रॅटन ओकमाँट या दलाली कंपनीबद्दल तिच्या चर्चाफलकावर कुणीतरी निनावी लिहिलं होतं. प्रॉडिजी शिवीगाळ गाळायची, नियम लावायची, घरातल्या सगळ्यांना चालेल अशी स्वच्छ सेवा म्हणून स्वतःची जाहिरात करायची. मग न्यायालय म्हणालं, तुम्ही संपादन करता, म्हणजे तुम्ही प्रकाशक.

या दोन निकालांचा अर्थ उफराटा होता. जो काहीच बघत नाही तो सुटला आणि जो साफसफाई करतो तो अडकला. ही विसंगती मोडण्यासाठी अमेरिकेने १९९६ मध्ये कलम २३० आणलं: दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशक साइटला मानायचं नाही. युरोपीय संघाने २००० मध्ये ई-कॉमर्स निर्देश काढला. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही २००० मध्ये कलम ७९ होतं, पण ते अपुरं होतं. २००४ मध्ये बाझी डॉट कॉम या लिलावाच्या साइटवर एका वापरकर्त्याने अश्लील क्लिप विकायला ठेवली आणि अटक झाली ती कंपनीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला. त्यांच्यावरचा माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा खटला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला तोवर २०१२ साल उजाडलं होतं. मधल्या काळात कलम ७९ नव्याने लिहिलं गेलं आणि ते २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. आज भारतात 'मध्यस्थ' म्हणून, म्हणजे दुसऱ्याचा मजकूर साठवणारा किंवा पोचवणारा म्हणून, जे संरक्षण मिळतं, ते या नव्या कलमाचं.

प्रॉडिजीच्या निकालाची धास्ती मात्र अजून गेलेली नाही. 'मॉडरेशन, म्हणजे लोकांचा मजकूर तपासणं-गाळणं, केलं तर जबाबदारी येते' असं सांगणारे आजही भेटतात. त्यावर पाचव्या पायरीत येतो.

पायरी १: साइटवरचं काय तुमचं आणि काय लोकांचं, ते वेगळं करा

संरक्षण वेबसाइटला मिळतं असं आपण म्हणतो, पण ते सरसकट नसतं. त्या त्या मजकुरापुरतं मिळतं. एकाच पानावर तुमचा लेख, तुम्ही पैसे देऊन लिहून घेतलेलं परीक्षण आणि एका वाचकाने टाकलेलं मत अशा तीन गोष्टी असतील, तर पहिल्या दोन पूर्णपणे तुमच्या आहेत. तिथे मध्यस्थ वगैरे काही चालत नाही. म्हणून एक दुपार काढा आणि साइटचा प्रत्येक भाग तपासा: हा शब्द इथे कुणाच्या हाताने आला?

धोका असतो तो सीमेवर. काही जागा नेहमी नजरेतून सुटतात.

वापरकर्त्याच्या मजकुराला तुम्ही दिलेला मथळा तुमचा असतो. त्याने लिहिलं 'सेवा वाईट होती' आणि तुमच्या संपादकाने वर चढवलं 'ग्राहकांची राजरोस लूट', तर लूट हा शब्द तुमचा झाला. शुद्धलेखन सुधारणं, शिवी गाळणं, लांबी कमी करणं यात सहसा काही बिघडत नाही. अर्थ बदलला की गणित बदलतं. लोकांची वाक्यं उचलून तुम्ही जे निवडक मासिकपत्र पाठवता तेही याच सीमेवर येतं. परीक्षणांचा सारांश यंत्राकडून करून घेऊन पानाच्या वर लावण्याची सध्या टूम आहे. तो सारांश कुठल्याही वापरकर्त्याने लिहिलेला नसतो. त्याची जबाबदारी तुमचीच येईल असं धरून चालावं, असं माझं मत आहे.

फॉर्मकडेही बघा. २००८ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने रूममेट्स डॉट कॉम या खोली-जोडीदार शोधणाऱ्या साइटला कलम २३० चं संरक्षण अंशतः नाकारलं. लिंग, लैंगिक कल, मुलं आहेत का, असे प्रश्न साइट स्वतः विचारत होती, तयार पर्यायांतून उत्तर निवडायला लावत होती आणि त्यावर शोध चालवत होती. त्याच साइटवरच्या मोकळ्या चौकटीत लोकांनी आपल्या मनाने जे लिहिलं, त्याला मात्र संरक्षण मिळालं. यातून घ्यायचा धडा सोपा आहे. 'फसवणूक कुणी केली? नाव लिहा' असा सक्तीचा रकाना ठेवू नका. 'तुमचा अनुभव लिहा' एवढं पुरे.

पायरी २: कुठल्या देशाचा कायदा तुमच्यापर्यंत पोचतो

सर्व्हर कुठे आहे यावरून हे ठरत नाही. तुम्ही कुठे राहता, तुमचे वापरकर्ते कुठे आहेत आणि ज्याचं नुकसान झालं तो कुठे आहे, हे तिन्ही बघितलं जातं. सगळ्या जगाचे कायदे पाठ करायची गरज नाही. ज्या एक-दोन देशांत तुमचे बहुतेक वापरकर्ते आहेत, तिथली चौकट समजून घ्या.

अमेरिकेत बदनामीच्या बाबतीत संरक्षण सर्वांत रुंद आहे. १९९७ च्या झेरान खटल्यात चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ठरवलं की नोटीस मिळूनही मजकूर ठेवला, तरी कंपनी दुसऱ्याच्या शब्दांसाठी जबाबदार नाही. पण कलम २३० फेडरल फौजदारी कायद्याला आणि बौद्धिक संपदेला लागू होत नाही. कॉपीराइटसाठी १९९८ चा वेगळा कायदा आहे, आणि तो नोटिशीवरच चालतो. म्हणजे 'अमेरिकेत सगळं माफ' हे अर्धसत्य आहे.

युरोपीय संघात डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याचा गाभा जुनाच आहे: बेकायदा मजकुराची प्रत्यक्ष माहिती नसेल आणि माहिती होताच तत्परतेने काढला, तर जबाबदारी नाही. सगळ्यांवर सतत पाळत ठेवा, असं सरकारने सांगायचं नाही, हेही त्यात आहे. तक्रार करण्याची सोपी इलेक्ट्रॉनिक सोय आणि मजकूर काढल्यास लेखी कारण, या दोन गोष्टी लहान साइटलाही चुकत नाहीत. ५० पेक्षा कमी माणसं आणि एक कोटी युरोपर्यंत उलाढाल असलेल्यांना बाकीच्या बऱ्याच अटींतून सूट आहे.

ब्रिटनमध्ये बदनामीसाठी २०१३ च्या कायद्याचं कलम ५ आहे. लिहिणारा ओळखता येत असेल, किंवा तक्रार आल्यावर तुम्ही ठरलेल्या पद्धतीने वागलात, तर तुम्हाला बचाव मिळतो. त्याच्या जोडीला २०२३ चा ऑनलाइन सुरक्षा कायदा आला. तो एकेका पोस्टपेक्षा तुमची एकूण व्यवस्था तपासतो, आणि त्यातला दंड १.८ कोटी पौंड किंवा जागतिक महसुलाच्या १० टक्के यांतला जो जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो.

भारतात कलम ७९ सोबत २०२१ चे मध्यस्थांविषयीचे नियम वाचावे लागतात. तुम्ही मजकूर स्वतः सुरू केलेला नसावा, तो कुणाकडे जावा हे निवडलेलं नसावं, त्यात फेरफार केलेला नसावा आणि नियमांतली दक्षता पाळलेली असावी. शिवाय गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत केलेली नसावी. 'प्रत्यक्ष माहिती' म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सांगितलं: न्यायालयाचा आदेश किंवा योग्य सरकारी यंत्रणेची सूचना. कुणीही खासगी माणसाने पत्र पाठवलं म्हणून मजकूर बेकायदा ठरवायचा निवाडा साइटने करायचा नाही. कारण स्पष्ट होतं. लाखो पत्रांतून खरी-खोटी तक्रार साइटने कशी निवडावी?

आणखी एक गोष्ट, जी वकीलही कधीकधी घाईत सांगत नाहीत. हे संरक्षण गेलं म्हणजे तुम्ही दोषी ठरलात असं होत नाही. ढाल गेली, एवढंच. समोरच्याला बदनामी किंवा कॉपीराइटचा भंग सिद्ध करावाच लागतो आणि सत्य, सद्‌हेतूने केलेली टीका हे तुमचे नेहमीचे बचाव शिल्लक राहतात.

पायरी ३: नोटीस येण्याआधीच तक्रारीचा दरवाजा बांधा

सगळ्या पायऱ्यांत ही कंटाळवाणी, आणि उपयोगाला सर्वांत जास्त हीच येते.

वापराचे नियम साध्या भाषेत लिहा. काय चालणार नाही, ते सांगा. 'आम्हाला अयोग्य वाटेल ते काढू' एवढ्यावर सोडू नका, पण तो अधिकारही राखून ठेवा. वापरकर्त्याने नियम मान्य केले त्याची तारीख-वेळ डेटाबेसमध्ये साठवा. नियम बदलले की जुनी आवृत्ती जपून ठेवा, कारण तीन वर्षांनी प्रश्न येतो तो त्या दिवशी कुठले नियम होते याचा. भारतात २०२१ च्या मूळ नियमांप्रमाणे वापरकर्त्यांना वर्षातून निदान एकदा या नियमांची आठवण करून द्यावी लागायची; २०२६ च्या दुरुस्तीने ती दर तीन महिन्यांतून निदान एकदा झाली.

तक्रार कुणाकडे करायची ते ठळक दिसू द्या. भारतात तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. २०२१ च्या मूळ नियमांत तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत अशी मुदत होती. नग्न किंवा खासगी क्षणांची चित्रं २४ तासांत, न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशावर ३६ तासांत कारवाई. २०२२ मध्ये काही तक्रारींसाठी १५ दिवसांचे ७२ तास झाले. दुरुस्त्या होत राहतात आणि कल मुदत आखडण्याकडे आहे. म्हणून हे आकडे भिंतीवर लावण्याआधी आज लागू असलेला नियम राजपत्रातून उघडून वाचा. अमेरिकेतले वापरकर्ते असतील तर तिथल्या कॉपीराइट कार्यालयात नियुक्त प्रतिनिधीची नोंद करा. शुल्क अवघं ६ डॉलर आहे, नोंद तीन वर्षांनी नवी करावी लागते, आणि ती केली नाही तर वापरकर्त्यांनी चढवलेल्या साहित्याबाबत मिळणारं कॉपीराइटचं संरक्षण हातातून जातं. सहा डॉलरसाठी.

तक्रारीच्या फॉर्ममध्ये हे मागा: नेमकी लिंक, आक्षेप कुठल्या शब्दांवर किंवा चित्रावर, कारण काय, तक्रारदार कोण आणि त्याचा या मजकुराशी संबंध काय. 'तुमची साइट बंद करा' छापाच्या तक्रारी यामुळे अर्ध्यावरच गळतात. फॉर्म पाठवल्यावर क्रमांकासह पोच आपोआप जाऊ द्या. तो ईमेल एकाच माणसाच्या खासगी खात्यात जाऊ नये. माणूस सुट्टीवर जातो, मुदत जात नाही.

पायरी ४: नोटीस आली. आता?

पहिला नियम: मजकूर डिलीट करायच्या आधी जपून ठेवा. लिंक, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, लिहिणाऱ्याच्या खात्याचा तपशील, चढवल्याची वेळ, आयपी पत्त्याचा लॉग. लोकांच्या नजरेआड करणं आणि सर्व्हरवरून पुसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला पहिली हवी. भारतातल्या नियमांनुसार काढलेला मजकूर आणि त्याची संबंधित माहिती तपासासाठी १८० दिवस सांभाळावी लागते.

याला एक अपवाद आहे आणि तो मोठा आहे. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं साहित्य असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घेऊ नका, ते सहकाऱ्याला पाठवू नका, स्वतःच्या यंत्रावर उतरवू नका. ताबडतोब लोकांच्या नजरेआड करा, आहे तसं सर्व्हरवर बंद करून ठेवा आणि यंत्रणेला कळवा. अमेरिकेत ही सूचना एका ठरलेल्या राष्ट्रीय केंद्राकडे द्यायची असते. भारतात पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नुसतं काढून टाकणं पुरेसं नाही. पॉक्सोखालची सूचना दिली नाही तर मध्यस्थाला कलम ७९ ची ढाल मागता येणार नाही. इथे विचार करत बसायला वेळ नाही.

बाकीच्या तक्रारी वाचताना पाठवणारा कोण, ते आधी बघा. न्यायालयाचा आदेश असेल तर आदेशाची प्रत, खटल्याचा क्रमांक, तारीख आणि नेमक्या लिंका तपासा. बनावट आदेश पाठवणारेही असतात. सरकारी सूचना असेल तर ती कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने दिली आहे, ते बघा. वकिलाचं पत्र म्हणजे आदेश नव्हे. त्यावरचा शिक्का आणि 'सात दिवसांत पाच कोटी' हे शब्द पाहून हात थरथरतात, पण ते त्याच्या अशिलाचं म्हणणं आहे. दुर्लक्ष करायचं नाही, घाबरायचंही नाही.

आता तक्रार कशाची आहे ते ठरवा, कारण प्रत्येकाचा रस्ता वेगळा.

कॉपीराइटची असेल तर कालावधी ठरलेले आहेत. अमेरिकी पद्धतीत योग्य नोटीस आल्यावर साहित्य तत्परतेने काढा, चढवणाऱ्याला कळवा, आणि त्याने प्रतिनोटीस (साहित्य चुकून काढलं, परत लावा असं लेखी उत्तर) दिली तर ती मूळ तक्रारदाराला पाठवा. तक्रारदाराने खटला दाखल केला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत साहित्य परत लावायचं. भारतात कॉपीराइटचे २०१३ चे नियम ३६ तास देतात, आणि २१ दिवसांत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर साहित्य पुन्हा खुलं करता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने मायस्पेस प्रकरणात २०१६ मध्ये सांगितलं की कॉपीराइटच्या बाबतीत माहिती नेमकी हवी. 'तुमच्याकडे आमची गाणी आहेत, शोधून काढा' हे पुरेसं नाही. कुठलं आणि कुठे, ते तक्रारदाराने दाखवायचं. पुन्हा पुन्हा तेच करणाऱ्याचं खातं बंद करण्याचं धोरणही लिहून ठेवा. अमेरिकेत ती संरक्षणाचीच अट आहे.

एखाद्याचं नग्न किंवा खासगी चित्र त्याच्या संमतीशिवाय टाकलं असेल, तर पुरावा मागत बसू नका. त्या व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कुणी कळवलं की काढा. भारतीय नियमांत या प्रकाराला न्यायालयाच्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. २०२५ च्या अमेरिकी कायद्याने अशा चित्रांसाठी ४८ तासांची मुदत घातली आहे. चूक झाली तर एक चित्र काही दिवस गायब राहील. उलट चूक झाली तर एका माणसाचं आयुष्य.

बदनामीची तक्रार सर्वांत अवघड, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो. समजा, एका प्रशिक्षण संस्थेबद्दल कुणीतरी लिहिलं: 'शिकवणं भिकार, पैसे पाण्यात गेले. संचालकांची पदवी बनावट आहे.' संचालकांचं पत्र आलं: पोस्ट काढा, लिहिणाऱ्याचं नाव-पत्ता द्या, माफी मागा. या पोस्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिकवणं भिकार हे मत आहे. संचालकांना त्याचा राग येऊ शकतो, पण मतासाठी कुणी सहसा हरत नाही. पदवी बनावट हे विधान आहे, आणि ते एक तर खरं असतं किंवा खोटं. तुम्हाला ते ठरवता येत नाही, ठरवायचंही नाही. तुम्ही लिहिणाऱ्याला कळवता: तुमच्या या वाक्यावर आक्षेप आला आहे, तुमच्याकडे आधार आहे का, अमुक दिवसांत सांगा. त्याने कागद दाखवला तर पोस्ट ठेवा आणि संचालकांना लिहा की न्यायालयाचा आदेश आल्यास तो पाळला जाईल. तो गप्प बसला, किंवा 'मित्राने सांगितलं होतं' म्हणाला, तर ते वाक्य झाका. पूर्ण पोस्ट काढायची गरज पडेलच असं नाही. मात्र ते वाक्य तुम्ही स्वतःच्या शब्दांत बदलून लिहू नका. तसं केलंत तर ते तुमचं होईल. संचालकांना उत्तर म्हणून आपलं म्हणणं तिथेच मांडायची जागा द्या. या एका सोयीने बरेच वाद न्यायालयाच्या दारातून परत फिरतात.

भारतात खासगी पत्रावर पोस्ट काढायची सक्ती नाही, मग एवढी उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. कारण तक्रारीची दखल आणि उत्तर हे नियमांतच आहे. शिवाय प्रकरण न्यायाधीशासमोर गेलं तर ज्याने पत्र फेकून दिलं आणि ज्याने विचारपूस करून कारणासह निर्णय कळवला, त्या दोघांकडे एकाच नजरेने बघितलं जात नाही. उलट, कुठलंही पत्र आलं की डोळे मिटून मजकूर उडवणं हाही तोडगा नाही. काही दिवसांत गावभर कळतं की तुमच्या साइटवरून वाईट परीक्षण काढायला एक लेटरहेड पुरतं.

नाव-पत्त्याच्या मागणीला उत्तर एकच: खासगी माणसाला माहिती देत नाही, जपून ठेवली आहे, सक्षम न्यायालयाचा आदेश किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेची लेखी मागणी आली तर देऊ. चिडलेल्या तक्रारदाराला वापरकर्त्याचा पत्ता दिला आणि पुढे काही बरंवाईट झालं, तर ती जबाबदारी तुमच्या स्वतःच्या कृतीची असेल. तिला कुठलंही संरक्षण नाही.

प्रत्येक तक्रारीची नोंद एका तक्त्यात ठेवा: क्रमांक, आल्याची वेळ, लिंक, प्रकार, काय केलं, कधी, कुणी, का. 'का' च्या रकान्यात एक वाक्य तरी हवं. साधी स्प्रेडशीट चालते.

पायरी ५: मॉडरेशन करावं का?

करावं. प्रॉडिजीचा निकाल कायद्याने कधीच मागे टाकला. अमेरिकेत कलम २३० मध्येच सद्‌हेतूने मजकूर काढणाऱ्याला वेगळं संरक्षण आहे. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्याचं कलम ७ तेच सांगतं. भारताच्या २०२१ च्या नियमांतही नियमबाह्य मजकूर आपणहून काढल्याने कलम ७९ च्या अटींचा भंग होत नाही, असं लिहिलेलं आहे.

तरी एक फरक लक्षात ठेवा. आधी प्रसिद्ध होऊ देऊन मग तपासणं आणि प्रत्येक ओळ माणसाने वाचून मगच सोडणं, यात दुसऱ्या पद्धतीत 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही. मंजुरीचं बटण दाबलं म्हणजे वाचलं. लहान मुलांसाठीच्या किंवा आरोग्यविषयक साइटवर पूर्वतपासणी योग्यच आहे, पण मग तपासणाऱ्याला शिकवा आणि जबाबदारी उचलायची तयारी ठेवा. बाकीच्यांना यंत्राची चाळणी, तक्रारीचं बटण आणि रोजची नजर पुरते.

काहीच न करणंही महागात पडतं. एस्टोनियातल्या डेल्फी या वृत्तसंकेतस्थळावर एका बातमीखाली द्वेषाच्या आणि धमकीच्या निनावी प्रतिक्रिया पडल्या, आणि सुमारे सहा आठवडे तशाच राहिल्या. नोटीस आली त्याच दिवशी त्यांनी त्या काढल्या, तरीही त्यांना ३२० युरो भरपाई द्यावी लागली, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने १६ जून २०१५ रोजी त्यात चूक मानली नाही. रक्कम किरकोळ होती. धक्का मोठा होता. पुढच्याच वर्षी हंगेरीच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने साइटच्या बाजूने कौल दिला, कारण तिथले शब्द असभ्य होते पण हिंसेला चिथावणारे नव्हते. मोठी व्यापारी साइट, तापलेला विषय, निनावी लिहिण्याची मुभा आणि उघड धमक्या असं सगळं एकत्र आलं, की नोटिशीची वाट बघू नये. असा विषय असेल तर त्या पानावर लिहिण्याची सोय काही काळ बंद ठेवली तरी चालते.

दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर तुमचं पान असेल तर

स्वतःची साइट नाही, फक्त फेसबुकवर पान आहे, म्हणून निर्धास्त राहू नका. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये व्होलर प्रकरणात ठरवलं की फेसबुक पान चालवणाऱ्या वृत्तसंस्था लोकांच्या प्रतिक्रियांच्याही प्रकाशक आहेत. पान उघडलं, लोकांना बोलायला बोलावलं, एवढं पुरलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी उलट दिशेचा निर्णय दिला: अ‍ॅडमिनला माणसं जोडता-काढता येतात, त्यांचा मजकूर आधी रोखता येत नाही, त्यामुळे समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसल्याशिवाय सदस्याच्या संदेशासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. दोन्ही निकालांत तपासलं गेलं ते हेच, की तुमच्या हातात नेमकं काय होतं. म्हणून फेसबुक पानावर शब्दांची गाळणी आणि लिहिण्याची सोय बंद करण्याचं बटण असेल, तर ते कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

वकिलाकडे कधी जायचं

खटल्याचं समन्स, पोलिसांचं बोलावणं, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश, मुलांविषयीचं साहित्य, किंवा परदेशातून आलेली माहितीची मागणी: यातलं काहीही असेल तर स्वतः उत्तर लिहू नका, त्याच दिवशी वकील गाठा. जाताना नोटिशीची मूळ प्रत आणि ती ज्या लिफाफ्यात किंवा ईमेलमध्ये आली तो, जपून ठेवलेला मजकूर, लिहिणाऱ्याने मान्य केलेल्या नियमांची त्या दिवशीची आवृत्ती, तक्रारीच्या तक्त्यातली ओळ आणि लिहिणाऱ्याशी झालेला पत्रव्यवहार बरोबर न्या. मजकुराला तुमच्यापैकी कुणी हात लावला असेल, मथळा बदलला असेल किंवा तो ठळक जागी लावला असेल, तर ते पहिल्याच बैठकीत सांगा. ही गोष्ट समोरच्या वकिलाकडून कळली, तर तुमच्या वकिलाला बचाव नव्याने रचावा लागतो.